मीचि डोंगरावर येत नाही

कामिझावा गावात बायकांचे केस कापून देणारी दोन दुकानं होती. एक बसथांब्याजवळ, तिथे टोकियोची ताजी मासिकं असायची. दुसरं शिगा त्सुनेकोचं. तिच्याकडची मासिकं शिळी, खुर्चीचं रेक्झिन एका बाजूने उसवलेलं, तरी गावातल्या बऱ्याच बायका तिच्याचकडे यायच्या. कारण त्सुनेको ऐकून घ्यायची. केस कुरळे करायचं औषध लावून, वर प्लॅस्टिकची टोपी चढवून बसलेली बाई तासभर करणार काय? बोलणार. सासूबद्दल बोलणार, शहरात गेलेल्या आणि फोन न करणाऱ्या मुलाबद्दल बोलणार. ती निघून गेली की गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून त्सुनेको त्यातलं थोडंफार कागदावर उतरवायची.

हे वेड तिला निहेई गुरुजींनी लावलं. गुरुजी गावच्या शाळेत भाषा शिकवायचे आणि चार-पाच हौशी माणसांना हाताशी धरून ‘नदीकाठ’ नावाचं छोटंसं नियतकालिक काढायचे. लिहिणाऱ्यांत एक पोस्टमन होता, एक गाईवाला होता, आणि ही केस कापणारी. अंक वर्षातून एकदा निघायचा. एखाद्या वर्षी तोही नाही.

१९८६ सालच्या अंकात त्सुनेकोची ‘मीचिची टोपली’ छापून आली. गोष्टीत फारसं काही घडत नाही. नऊ वर्षांची मीचि शरद ऋतूत आजोबांबरोबर पहिल्यांदा डोंगरावर जाते. अळंबी कुठे उगवते ती जागा प्रत्येक घराची वेगळी असते आणि ती शेजाऱ्याला तर सोडाच, लग्न होऊन गेलेल्या बहिणीलासुद्धा सांगत नाहीत. ती जागा आजोबा मीचिला दाखवतात. ती ओंजळीने झऱ्याचं पाणी पिते, ओल्या शेवाळावर गाल टेकून झोपते, घरून आणलेला डबा पानावर घेऊन खाते. संध्याकाळी टोपली भरून घरी येते आणि आई अळंबीचा भात शिजवते. संपली गोष्ट. कोणी मरत नाही की कोणी रडत नाही. पण गावाला ती आवडली. दर वर्षी पानं रंगायला लागली की शाळेत ती मोठ्याने वाचली जायची, आणि बायका खुर्चीत बसताना म्हणायच्या, “लेखिकाबाई, मागून जरा कमी करा. आणि मी काय बोलते ते छापू नका बाई, घरी मार खाईन.”

गोष्टीतले आजोबा म्हणजे त्सुनेकोचे सासरे. मीचि म्हणजे तिची मुलगी माकिको. नवरा किन्जी लाकूडतोड्या होता, आयुष्यभर त्याच डोंगरात करवत चालवली. त्याने गोष्ट वाचली की नाही हे त्सुनेकोला कधी कळलं नाही. एकदाच म्हणाला होता, “झरा डावीकडे आहे. तू उजवीकडे लिहिलायस.” “मुद्दाम लिहिलाय,” ती म्हणाली, “नाहीतर सगळा गाव पोचेल तिथे.” त्यावर किन्जी बराच वेळ हसत राहिला होता.

२०११च्या मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा माकिको चौतिशीत होती, नवऱ्याबरोबर दोन गल्ल्या पलीकडे राहत होती, आणि तिची मुलगी कोतोने सहा वर्षांची होती. कामिझावात कौलं पडली, दुकानातला मोठा आरसा फुटला, एवढंच. समुद्र डोंगराच्या पलीकडे, बराच खाली. पण दुसऱ्या दिवसापासून किनाऱ्यावरची माणसं घाटाने वर येऊ लागली. कोणाच्या पायात चपला नव्हत्या, कोणी घरच्या कपड्यांत. किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रात काहीतरी बिघडलंय, एवढंच त्यांना सांगितलं होतं. इथे वर सुरक्षित आहे असं म्हणत होते.

गावाने शाळा उघडली. घराघरांतून तांदूळ आले. त्सुनेकोने शरदात वाळवून ठेवलेली सगळी अळंबी काढली आणि मोठाल्या पातेल्यांत भात शिजवला. चार दिवस ती शाळेच्या स्वयंपाकघरातून हललीच नाही. फाटकापाशी कोणीतरी उभं राहून नव्या माणसांना रस्ता दाखवायला हवा होता, म्हणून तिने कोतोनेला उभं केलं. पोरीला फार मोठं काम मिळाल्यासारखं झालं. आल्या-गेल्याला वाकून नमस्कार करायची आणि कागदी पेला हातात द्यायची.

मग एका संध्याकाळी बर्फ पडायला लागलं. कोतोने फाटकातच उभी होती. तिने तोंड वर केलं, जीभ बाहेर काढली आणि बर्फाचे कण झेलू लागली. खिडकीतून त्सुनेकोला ते दिसलं आणि ती हसली. शेजारच्या बायकांनाही तिने बोलावून दाखवलं.

वारा फिरला होता. वीजकेंद्रातून सुटलेलं, समुद्राकडे जायचं ते सगळं विष त्या संध्याकाळी डोंगराकडे आलं होतं आणि बर्फाबरोबर खाली उतरलं होतं. ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी गावाला सांगितलं नाही. गावाला कळलं तेव्हा झाडांना कोंब फुटले होते आणि पांढरे पोशाख घातलेली माणसं किरणोत्सर्गाची मोजयंत्रं घेऊन गटारांत वाकून बघत होती. मग गाव रिकामं करायचा हुकूम आला.

माकिको हुकमाची वाट बघत बसली नव्हती. बातमी फुटली त्याच दिवशी ती कोतोनेला घेऊन पार पश्चिमेला, ओकायामाला निघून गेली. नवरा नोकरीसाठी मागे राहिला आणि दोन वर्षांत ते लग्न मोडलं. आईशी ती भांडली नाही. जाताना गाडीत बसल्यावर, काच वर करायच्या आधी, एकच बोलली.

“तू हसत होतीस, आई. ती बर्फ खात होती आणि तू हसत होतीस.”

त्सुनेको आणि किन्जीला निहोनमात्सु शहराबाहेर, एका खेळाच्या मैदानावर उभारलेल्या पत्र्याच्या चाळीत खोली मिळाली. भिंती इतक्या पातळ की शेजारचा माणूस कुशीवर वळला तरी समजायचं. त्सुनेको सामाईक खोलीत खुर्ची मांडून केस कापायची. त्याच गावच्या त्याच बायका, पण आता तोंडात वेगळंच. भरपाईचं काय झालं, कोणाच्या घरात रानडुकरं शिरली, कोणाची सून मुलांना घेऊन गेली. त्सुनेको ऐकायची, पण कागदावर काही उतरवायची नाही. किन्जी दिवसभर टीव्हीसमोर बसून असायचा. डोंगरात चालणाऱ्या माणसाचे पाय दीड वर्षात काटकुळे झाले.

तिसऱ्या वर्षी निहेई गुरुजी काठी टेकत आले. ऐंशी उलटली होती त्यांची.

“‘नदीकाठ’चा एक अंक काढायचाय,” ते म्हणाले. “शेवटचाच धर. सेंदाईचं एक प्रकाशन मदत करतंय, नंतर ते त्याचं पुस्तकही करतील म्हणतात. तुझी ‘मीचिची टोपली’ घ्यायची आहे.”

“घ्या की,” त्सुनेको म्हणाली. “त्यात विचारायचं काय?”

“एकदा वाचून बघ,” गुरुजी म्हणाले आणि जुना अंक तिच्यासमोर ठेवला.

ती वाचायला बसली. पहिलं पान वाचलं, दुसऱ्या पानावर मीचि झऱ्याशी वाकली आणि ओंजळ भरून पाणी प्यायली. त्सुनेकोच्या तोंडून “नको” असं निघून गेलं. मोठ्याने. किन्जीने टीव्हीवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं.

पुढचं तिला वाचवेना. शेवाळावर टेकलेला गाल. मातीने भरलेली नखं, त्याच हातांनी उचललेला घास. स्वतः लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिला आता पोरीच्या जिवावर उठल्यासारखं वाटत होतं. आणि त्यातच तिला आठवलं, की ही गोष्ट लिहिली त्याच वर्षी वसंतात चेर्नोबिलचं वीजकेंद्र फुटलं होतं. दुकानातल्या टीव्हीवर तिने ते पाहिलं होतं. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका बसमध्ये चढत होत्या. “अरेरे” म्हणून तिने आवाज कमी केला होता आणि पुढच्या बाईच्या केसांना औषध लावायला घेतलं होतं. सहा महिन्यांनी तिने मीचिला डोंगरावर पाठवलं, तेव्हा त्या रुमालवाल्या बायका तिच्या मनातही आल्या नव्हत्या.

“अशी नाही छापायची,” दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींना फोनवर सांगितलं.

“मग?”

“मी ती पुन्हा लिहिते. दिवस तोच, डोंगर तोच. फक्त आत्ताचा.”

गुरुजी म्हणाले, “सोपं नाही जाणार.”

खरंच गेलं नाही. आधी तिने मीचिच्या तोंडाला मास्क लावला, हातात मोजे घातले, पाणी घरून बाटलीत दिलं. पण मग शेवाळावर झोपणार कशी? चटई दिली. चटई घरी आणायची की तिथेच टाकायची? आजोबांच्या हातात काठीऐवजी मोजयंत्र दिलं. ते सारखं कुरकुरत होतं, त्यामुळे आजोबा मीचिशी बोलायचेच थांबले. पहिल्या गोष्टीत आजोबा वाटभर बोलत होते. अस्वलाच्या पावलांबद्दल, आपल्या मेलेल्या भावाबद्दल. आता ते फक्त आकडे वाचत होते. टोपली भरली. मग त्या टोपलीचं करायचं काय? आईने भात शिजवला तर ती आई कसली? आणि फेकून दिली तर डोंगरावर गेले कशाला?

“अहो,” तिने किन्जीला विचारलं, “भरलेली टोपली आजोबा काय करतील?”

किन्जीने चॅनेल बदललं. “खातील.”

“आणि पोरगी?”

“पोरीला नेलंच कशाला तिथे?” तो एकदम चिडून म्हणाला. “अक्कल आहे का त्या म्हाताऱ्याला?”

तरी तिने गोष्ट पुरी केली. मीचि मास्क लावून जाते, टोपली तपासणी केंद्रावर मोजायला देतात, आकडा मर्यादेच्या कितीतरी पट येतो, आणि केंद्रावरचा माणूस ती अळंबी पिशवीत बांधून कपाटात ठेवतो. तिथेच गोष्ट संपत होती. गुरुजींच्या सांगण्यावरून तिने ती चाळीच्या सामाईक खोलीत वाचून दाखवली. पंचवीस-तीस माणसं जमली होती. सुरुवातीला सगळे हसले, कारण गोष्ट सगळ्यांना पाठ होती आणि कुठे काय येणार ते ठाऊक होतं. मोजयंत्र आलं तसे चेहरे उतरले. अर्ध्यावर साकुमा फुमि उठून उभी राहिली. फुमि तिची सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक. गावी असताना रानभाज्यांची लोणची घालून विकायची आणि इथेही, दुसरीकडच्या भाज्या आणून, तोच धंदा नव्याने उभा करू बघत होती.

“थांबव,” फुमि म्हणाली. “त्सुने-सान, पुरे झालं.”

“अगं, शेवट तर ऐक.”

“काय ऐकायचंय? मी बाजारात बरणीवर गावाचं नाव लिहिलं तर लोक हात मागे घेतात. भाजी तिकडची नाही म्हटलं तरी मागे घेतात. आणि तू पुस्तकात छापणार की आमचा डोंगर विषारी आहे म्हणून? टोकियोतल्या लोकांना तेवढंच हवंय. वाचतील, हळहळतील, आणि आमच्या मालाला हात लावणार नाहीत.”

“पण खोटं काय लिहिलंय मी?” त्सुनेकोने विचारलं.

“खोटं नाही म्हणूनच सांगतेय!” फुमि ओरडली. “माझ्या धाकटीचं लग्न ठरत होतं. मुलाच्या आईने विचारलं, मुलगी कुठली? बस्स. एवढंच विचारलं आणि परत आली नाही. तू तुझी मुलगी ओकायामाला पाठवून मोकळी झालीस. आमच्या इथेच आहेत.”

कोणी मध्ये पडलं नाही. फुमि निघून गेली आणि तिच्यामागे आणखी काही जणी. त्सुनेकोने शेवट वाचला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्या खुर्चीत बायका बसेनाशा झाल्या. भांडण कोणी केलं नाही. फक्त, केस कापायला शहरात जातो म्हणायच्या.

गोष्टीचा खर्डा सेंदाईला गेला होता. तिथल्या संपादक बाईंचा फोन आला. फार आदराने, फार हळू बोलत होत्या. गोष्ट त्यांना आवडली होती, पण शेवट अंगावर येतो म्हणाल्या. पुस्तक वाचणारा माणूस धीर शोधत असतो. “शेवटी थोडं पुढचं दाखवता येईल का? म्हणजे बऱ्याच वर्षांनी मीचि मोठी होऊन गावी परत येते, डोंगरावर जाते, असं काही. नुसती एक झुळूक आशेची.”

त्सुनेकोने फोन ठेवला आणि ती तडक लिहायला बसली. कोणीतरी सांगावं याचीच ती वाट बघत होती की काय कोण जाणे. त्या आठवड्यात ती जेवण करायचं विसरायची, किन्जी पाकिटातल्या शेवया भिजवून खायचा. चाळिशीतली मीचि मुलीचा हात धरून गाडीतून उतरते. फाटकाशी म्हातारी आई उभी आहे. आई म्हणते, “आलीस?” मीचि म्हणते, “आले.” ते दोन शब्द लिहिताना त्सुनेको हमसून हमसून रडली. इतक्या वर्षांत लिहिलेलं सगळ्यांत चांगलं पान तेच आहे असं तिला वाटलं. सेंदाईला धाडायच्या आधी तिने ते ओकायामाला धाडलं.

माकिकोचा फोन चार दिवसांनी आला. कामावरून सुटून, स्टेशनवरून बोलत असावी. मागे घोषणा ऐकू येत होत्या.

“वाचलं,” ती म्हणाली.

“कसं वाटलं गं?”

“आई, मी परत येणार नाहीये.”

“अगं, ती गोष्ट आहे.”

“गोष्टीतसुद्धा नाही. तू मला तिथे न्यायचं नाहीस, आणि कोतोनेला तर नाहीच नाही. दर वर्षी तिच्या गळ्यातल्या थायरॉइडची तपासणी असते. आदल्या दिवशी मला घास गिळवत नाही. ती मला विचारते, मी काय खाल्लं होतं गं तेव्हा? मी सांगते, काही नाही. आणि तू त्याच फाटकात तिला पुन्हा उभी करतेस? छान छान वाक्यं लिहून?”

“फाटक गोष्टीतलं आहे, माकि. मी फक्त…”

“मी लहान असताना तू मला त्या गोष्टीत घातलंस तेव्हा विचारलं नव्हतंस. मला आवडलं होतं, खोटं का बोलू? वर्गात भाव मिळायचा. पण आता मी सांगतेय. मला काढ त्यातून.”

त्सुनेको “बरं” म्हणाली. दुसरं काय म्हणणार? गाडी आली, फोन बंद झाला.

ते पान तिने फाडलं. आणि मग मीचिला गोष्टीतून काढायचं काम सुरू झालं. पोटच्या पोरीचे कपडे कपाटातून एकेक काढून बांधावेत तसं ते होतं. ‘मीचि म्हणाली’ खोडलं. ‘मीचि धावली’ खोडलं. मीचिचे प्रश्न गेले तशी आजोबांची उत्तरं हवेत लोंबकळायला लागली. म्हातारा एकटाच चालत होता आणि कोणी न विचारलेल्या गोष्टी सांगत होता. झऱ्याशी तो थांबतो, कारण इथे कोणालातरी तहान लागायला हवी होती. शेवाळाजवळ थोडा वेळ गप्प बसतो, कारण कोणीतरी झोपलेलं असायला हवं होतं. घराण्याची जागा येते तेव्हा तो इकडेतिकडे बघतो. ती दाखवायची कोणाला? शेवटी तो एकही अळंबी न तोडता खाली येतो.

त्या शरदात किन्जी एका सकाळी नाहीसा झाला. गाव दिवसा उघडं ठेवायला लागले होते, पण डोंगरात जायला बंदी होती. संध्याकाळी तो बसने परत आला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, चेहरा भूकंपाच्या आधीचा, आणि पाठीवरच्या पिशवीतून तो वास. काळ्या, मांसल, ओल्या अळंबीचा. त्सुनेकोने दार लावून घेतलं.

“कुठे गेला होतात?”

“आपल्या जागेवर. इतकी आलीय म्हणून सांगू! कोणी तोडायलाच नाही ना. पाय ठेवायला जागा नाही.”

“मोजून आणलीत?”

“नाही.”

“मोजायला हवी.”

“तुझ्या गोष्टीत मोज,” तो म्हणाला. “तांदूळ टाक.”

“मी नाही शिजवणार.”

“मग मी शिजवतो.”

त्याने खरंच शिजवला. सबंध चाळीत वास पसरला. पत्र्याच्या भिंतींपलीकडचे आवाज एकेक करून थांबत गेले. कोणीतरी खिडकी उघडली, कोणीतरी बंद केली. दारावर टकटक झाली. फुमि होती, हातात रिकामा वाडगा. आत आली, त्सुनेकोकडे न बघता किन्जीसमोर बसली.

“मला वाढ,” ती म्हणाली. “मी सत्तरीची झाले. मला काय होणार आहे?”

दोघं खात होती. फुमिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. वाडगा संपल्यावर तिने जेवायच्या काड्या आडव्या ठेवल्या आणि पहिल्यांदा त्सुनेकोकडे वळली. “आता लिही हे,” ती म्हणाली. “लिही की फुमिने खाल्लं. माझं खरं नाव घालून लिही. पण पोरं खातात असं कुठे लिहू नकोस.”

“पोरं नाहीयेतच गोष्टीत,” त्सुनेको म्हणाली. “काढली मी.”

फुमिने रिकामा वाडगा उचलला. मग म्हणाली, “उद्या केस कापशील का?”

‘नदीकाठ’चा अंक निघाला. सेंदाईच्या पुस्तकात मात्र त्सुनेकोची गोष्ट आली नाही. जागा पुरली नाही असं कळवलं त्यांनी. गुरुजी संतापले. ती नाही संतापली. पुढच्याच हिवाळ्यात गुरुजी चाळीतल्या आपल्या पत्र्याच्या खोलीतच वारले. अंकाचे उरलेले गठ्ठे त्यांच्या सुनेने त्सुनेकोकडे आणून टाकले.

भूकंपानंतर सहा वर्षांनी गाव राहायला उघडलं. अंगणातली वरची माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली होती आणि पिशव्या भातखाचरांत रचल्या होत्या. डोंगराला कोणी हात लावला नव्हता. तो साफ करता येत नाही असं सांगितलं. किन्जी आणि त्सुनेको परतले, फुमि परतली, आणखी काही म्हातारे परतले. शाळा उघडली नाही, कारण शिकायला कोणीच आलं नाही. दुसऱ्या वसंतात किन्जीला झटका आला. शहरातल्या इस्पितळात तो नऊ दिवस होता. बोलता येत नव्हतं. हाताने चादरीवर काहीतरी दाखवायचा, एक वळण, मग डावीकडे. त्सुनेको म्हणायची, “हो, डावीकडे. माहीत आहे मला.” मग तो शांत व्हायचा.

अंत्यविधीला माकिको आली. कोतोनेही आली, चौदा वर्षांची, आजीपेक्षा उंच. दोघी शहरात हॉटेलात उतरल्या होत्या आणि गाडीच्या काचा लावूनच गावात आल्या. त्सुनेकोने जेवण घरी केलं नाही. शहरातल्या दुकानातून डबे मागवले. तांदूळ पार दक्षिणेच्या क्युशूचे, मासा उत्तरेच्या होक्काइदोचा. सगळं झाकणावर छापलेलं होतं. झाकणाची ती बाजू वर येईल अशा बेताने तिने डबे मांडले. माकिकोने बसताना ते वाचलं आणि मान खाली घातली. ती जेवली. सगळं संपवलं.

कोतोने दुकानात बसून जुने अंक चाळत होती.

“आजी, या गोष्टीचं नाव ‘मीचिची टोपली’ आहे, पण यात मीचि कुठेच नाहीये.”

“ती नाही आली,” त्सुनेको म्हणाली.

“का?”

“मी येऊ दिलं नाही,” दारातून माकिको म्हणाली. कोतोनेने आईकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि अंक मिटला. पुढे काही विचारलं नाही. या घरात काही गोष्टी विचारायच्या नाहीत हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

दुपार कलायच्या आत त्या निघाल्या. गाडीपाशी माकिकोने एकदम आईला मिठी मारली. त्यांच्यात तशी पद्धत नव्हती, त्यामुळे त्सुनेकोचे हात तसेच लोंबत राहिले. तिने हात वर केले तोवर माकिको गाडीत बसली होती.

आता त्सुनेकोच्या दुकानात आठवड्याला दोन-तीन बायका येतात. नवा आरसा आहे. फुमि तर केस वाढायच्या आतच येऊन बसते. त्सुनेकोने ठरवलंय की डोंगराबद्दल यापुढे लिहायचं नाही. लिहायला दुसरं खूप आहे. मागच्या आठवड्यात फुमिने आपल्या सासूची एक गंमत सांगितली, चोरून मिठाई खायची आणि मांजरावर आळ घ्यायची. त्सुनेको ती लिहायला बसली. छान जमत होतं. चौथ्या ओळीत पाऊस आला आणि सासू वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात धावली.

त्सुनेकोचा हात थांबला. पाऊस कुठल्या सालचा? आधीचा असेल तर धावू दे म्हातारीला, भिजू दे थोडी. नंतरचा असेल तर तिला आत ओढायला हवी, कपडे तिथेच सोडून, दार लावून. सासू तर कधीच मेली होती. ती गंमत भूकंपाच्या कितीतरी आधीची. हे ठाऊक असूनही त्सुनेकोला ती ओळ पुढे नेता येईना. तिने ‘पाऊस’ खोडून ‘वारा’ लिहिलं. मग तेही खोडलं.